एकही फाईल न घालवणारे इन्स्पेक्टरकाका

इन्स्पेक्टरकाकांनी उभ्या आयुष्यात कशावरही पटकन विश्वास ठेवला नाही, आणि त्याबद्दल त्यांना दर महिन्याला पगार मिळत असे. ते लिफ्टचे इन्स्पेक्टर होते. ज्या इमारतीत माणसांना पेटीत घालून दोरीने वर खेचायचं ठरे, तिथे आधी काका जात. केबल बघत, ब्रेक बघत, दार अर्धवट उघडं ठेवून लिफ्ट हलते का ते बघत, आणि कुठेच काही सापडलं नाही की त्यांचा चेहरा पडे. एका चाचणीत उतरलेली लिफ्ट ते पास धरत नसत. "एकदा काय, कुणीही नीट वागतं," असं त्यांचं म्हणणं. तीनदा उतरली तरच सही. त्यांच्या सहीची एकही लिफ्ट कधी पडली नाही हे मात्र खरं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे दुसऱ्या कुणावर सांगायची वेळ आली नाही.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना कम्प्युटर भेट दिला. भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

कम्प्युटर येऊन वर्ष झालं नसेल, तोच एका सकाळी पडद्यावर लाल खिडकी उघडली. तुमच्या डिस्कमध्ये शेकडो दोष आहेत, ताबडतोब दुरुस्त करा, असं तिचं म्हणणं. दोष हा शब्द वाचून काकांच्या अंगात वीज संचारली. घरी बसल्यापासून इतक्या आपुलकीने त्यांना दोष कुणी दाखवलाच नव्हता. त्यांनी बटण दाबलं. यंत्राने दुपारपर्यंत घरघर केली, जाहिरातींचा पाऊस पाडला आणि मग मान टाकली. त्यात काकूंचं सगळं काम गेलं. काकू सोसायटीच्या सेक्रेटरी. जुन्या वह्यांवरून मीटिंगांचे वृत्तांत त्यांनी खपून टाइप केले होते. त्या दिवशी काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. काकांनी त्याचा अर्थ, आपल्याला माफ केलं, असा घेतला. इतकी वर्षं संसार करूनही माणूस इतका आशावादी राहू शकतो, याचं कौतुकच करायला हवं.

काकांनी मात्र कानाला खडा लावला. यापुढे डिस्क तपासायचं, साफ करायचं, दुरुस्त करायचं साधन निवडायचं तर ते सुरक्षितच. मग ते हात धुऊन या विषयाच्या मागे लागले. लाल अक्षरांत घाबरवणारा प्रोग्राम घ्यायचा नाही. तपासणी फुकट करून दुरुस्तीला पैसे मागणारा तर दारातही उभा करायचा नाही. चोरून कुलूप फोडलेली प्रत नको, ज्याने बनवला त्याचा ठावठिकाणा नसलेला नको, आणि घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यायचा. प्रोग्राम बसवताना सोबत गुपचूप दुसरंच काही घरात घुसवणाऱ्या बारीक चौकोनांतल्या खुणा आधी काढून टाकायच्या. हे सगळं त्यांनी अगदी बरोबर शिकून घेतलं. त्यांच्या नियमांना नाव ठेवायला कुठे जागा नव्हती.

फक्त एक नियम त्यांनी जुन्या नोकरीतून सोबत आणला होता. लिफ्टची चाचणी त्याच लिफ्टमध्ये घ्यायची असते. शेजारच्या इमारतीची लिफ्ट वरखाली करून या इमारतीला प्रमाणपत्र देता येत नाही. तेव्हा ज्या कम्प्युटरची डिस्क दुरुस्त करायची, त्याच डिस्कवर सगळे प्रोग्राम एकापाठोपाठ एक बसवायचे, प्रत्येकाकडून तिची तपासणी करून घ्यायची, निकाल ताडून बघायचे, आणि सगळ्यांत सुरक्षित ठरेल त्याच्या हाती दुरुस्ती सोपवायची. लिफ्टला हे ठीक आहे. लिफ्टमध्ये माणूस चढला म्हणून आधीच्या माणसाचा चुरा होत नाही.

बघता बघता इमारतीत बोलबाला झाला. तळमजल्यावरचा टेलर, ज्याच्या कम्प्युटरात गिऱ्हाइकांची मापं होती, कम्प्युटरचा डबाच उचलून घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरची अकाउंटंट लॅपटॉप घेऊन आली. काका हात जोडून कुणाला परत पाठवत नसत, उलट कुणी आलं नाही की जिन्यात गाठून विचारत, "काय हो, डिस्क बरी आहे ना?" माणसं ओशाळून म्हणत, "आणतो काका, दोन दिवसांत आणतो." आणि आणतही. काका मशीन आठवडाभर ठेवून घेत आणि परत देताना त्यावर "तपासले" अशी हिरवी चिठ्ठी चिकटवत. परत आलेलं मशीन पूर्वीपेक्षा हळू चाले, पण टेलर तोंडभर हसून म्हणे, "वा काका, काय पळतंय."

"फाईल्स सगळ्या आहेत ना?" काका विचारत.

"सगळ्या आहेत. एक इकडची तिकडे नाही."

काका मग घरी येऊन काकूंना सांगत, "आजवर आपल्या हातून एकाचीही फाईल गेलेली नाही." काकू कपड्यांची घडी घालत म्हणत, "हो ना." त्या "हो ना"मध्ये काय काय भरलेलं होतं, हे ऐकायला काकांकडे कान नव्हता. त्यांचा कान केबलच्या आवाजाला तयार झालेला.

असं सगळं सुखात चाललं असताना दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते आहे, कुठली उशिरा येते आहे, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी रडत उभं आहे, हे सगळं शहर त्यांच्या आवाजात ऐकत आलं होतं. इमारतीत त्यांना कुणी नावाने ओळखायच्या आत सगळे अनाउन्सरबाई म्हणूनच ओळखू लागले. पण आता त्यांचा आवाज घोगरा, फाटका येत होता. घशात गाठ होती. महिनाअखेरीला ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. थोडासाही नाही.

बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुखणं कळल्याबरोबर हॉस्पिटलात त्यांना सांगितलं होतं, की आवाज चांगला आहे तोवर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. पुढे कम्प्युटर तुमच्या आवाजात बोलेल. तेव्हापासून रोज सकाळी खिडक्या लावून, पंखा बंद करून, त्या लॅपटॉपसमोर बसत आणि वाक्यं म्हणत. मला पाणी द्या. इथे दुखतंय. दार उघडा, मी आहे. लेकीशी फोनवर बोलायची वाक्यं, दुकानातली वाक्यं, भांडणातलीसुद्धा. आवाज बसायच्या आत त्यांनी शेकड्यांनी वाक्यं म्हणून घेतली. सगळी त्या एका लॅपटॉपात. ती हॉस्पिटलात नेऊन द्यायची वेळ आली आणि लॅपटॉप टिक टिक करू लागला. फोल्डर कधी उघडे, कधी उघडायचं नाव घेत नसे.

त्यांनी टेलरला विचारलं, इथे जवळपास कुणी भरवशाचं आहे का? टेलरने क्षणभर सुईत दोरा ओवला आणि म्हणाला, "आमचे इन्स्पेक्टरकाका आहेत ना. आजवर एकाचीही फाईल गेलेली नाही." यात खोटं काहीच नव्हतं.

बाई लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हा काकांनी तो कानाशी धरला. "बेअरिंगचा आवाज आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"माझी वाक्यं आहेत त्यात," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तेवढी काढून दिलीत तरी पुरे. लॅपटॉपचं काही का होईना."

"लॅपटॉपचं काही का होईना, असं कसं म्हणता? आधी डिस्क ठणठणीत करू. मग वाक्यं कुठे जातात?" काका म्हणाले. "काळजी करू नका. मी सुरक्षित साधनाशिवाय हात लावत नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या लॅपटॉप ठेवून गेल्या.

इथे कुठलाही आळशी, बेफिकीर, कामचुकार माणूस असता तर त्याने जी काही वाक्यं उघडत होती ती पेन ड्राइव्हवर ओढून घेतली असती आणि चहा प्यायला गेला असता. काका तसले नव्हते. त्यांनी आधी डिस्कची तपासणी केली. निकाल आला, डिस्कचे काही भाग निकामी झाले आहेत. दुरुस्त करू का, असं मशीनने विचारलं. प्रोग्राम कम्प्युटरच्या सोबतच आलेला, म्हणजे सगळ्या नियमांत बसणारा. काकांनी हो म्हटलं. आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कला मशीनने दुपारभर पळवलं, आणि दुरुस्ती यशस्वी झाली. वाक्यांचं फोल्डर दिसेनासं झालं.

काका डगमगले नाहीत. पुसलेल्या फाईल्स परत काढणारे प्रोग्राम असतात हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांतला सुरक्षित कोणता हे शोधण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिला प्रोग्राम त्यांनी नियम पाळून, बनवणाऱ्याच्या पानावरून, बाईंच्या लॅपटॉपवर उतरवला आणि चालवला. त्याने लांबलचक यादी दाखवली. जवळजवळ सगळी वाक्यं होती. काकांनी एकावर बोट ठेवून ऐकूनही पाहिलं. भरदार, गोल, स्वच्छ आवाज खोलीत उमटला: "दार उघडा, मी आहे." खाली एक बटण होतं. ते दाबून वाक्यं दुसरीकडे काढून घेता येत होती.

काकांनी ते दाबलं नाही. एकदा काय, कुणीही नीट वागतं.

त्यांनी तो निकाल नोंदवला, प्रोग्राम बंद केला आणि ताडून बघण्यासाठी दुसरा उतरवला. डिस्कला फाईल पुसली म्हणजे ती जागा मोकळी वाटते, आणि नवीन येणारा पाहुणा तिथेच पथारी पसरतो, ही गोष्ट काकांनी कुठेतरी वाचलीही होती. पण आपण पाहुणे आणत नसून वैद्य आणतो आहोत, अशी त्यांची समजूत. दुसऱ्या प्रोग्रामला वाक्यं कमी सापडली. काकांनी मान हलवली: हा तितकासा विश्वासार्ह दिसत नाही. तिसऱ्याला त्याहून कमी. चौथा बसायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी डिस्कवरचा पसारा नीट एका कडेला लावणारा प्रोग्राम चालवला. त्याने फार सुंदर काम केलं. जिथे जिथे बाईंचा आवाज अजून अंग चोरून बसला होता, तिथे तिथे त्याने काहीतरी नीट लावून ठेवलं.

शेवटी, चार दिवसांच्या काटेकोर चाचण्यांनंतर, पहिलाच प्रोग्राम सर्वांत उत्तम असल्याचं सिद्ध झालं. काकांनी समाधानाने तो पुन्हा उघडला. या वेळी यादीत नावं थोडी होती. एक वाक्य लावलं, तर खरखर. दुसरं लावलं, तर नुसती खरखर. काकांनी सगळी लावून पाहिली. मग खुर्चीवर तसेच बसून राहिले.

काकू स्वयंपाकघरात इस्त्री करत होत्या. काका दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले तेव्हा काकूंनी इस्त्री आडवीची उभी केली.

"काय झालं?"

"बाईंची वाक्यं गेली."

"गेली म्हणजे? त्यांच्याकडे असतील ना दुसरीकडे ठेवलेली."

"सगळी यातच होती म्हणत होत्या."

काकूंचा हात इस्त्रीवरच राहिला. "म्हणजे त्यांना कुणी सांगितलंच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काय सांगितलं नाही?"

काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग ज्या गोष्टीचा इमारतीने इतकी वर्षं काकांना पत्ता लागू दिला नव्हता, ती त्यांनी एका दमात सांगून टाकली. "अहो, तुमच्याकडे मशीन द्यायच्या आधी सगळे आपलं सामान दुसरीकडे उतरवून घेतात. तुम्ही परत दिलंत की पुन्हा भरतात. म्हणून तर दोन दिवस मागून घेतात."

काकांच्या डोळ्यांपुढून जिन्यातले सगळे ओशाळे चेहरे सरकून गेले. "टेलरसुद्धा?"

"टेलरसुद्धा."

"अकाउंटंट?"

"ती तर दोन ठिकाणी ठेवते."

"पण मग देतातच कशाला माझ्याकडे?"

"तुम्ही विचारता म्हणून. तुम्हाला नाही म्हणवत नाही कुणाला. तुम्ही किती आवडीने करता."

काकांना हे कुणी तोंडात मारल्यासारखं लागलं. आपल्या हातून एकही फाईल गेली नाही ती का, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांच्या हातून प्रत्येक वेळी सगळं गेलं होतं; इमारतीनेच ते मुकाट्याने परत जागेवर ठेवलं होतं.

"आणि हे सुरू कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "माझं सगळं गेलं ना तेव्हा. टेलर पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला मीच खाली जाऊन सांगितलं. मग तो बाकीच्यांना सांगायचा. या वेळी मला वाटलं, तो सांगेल. त्याला वाटलं असेल, बाई आपल्या घरी येऊन गेल्या म्हणजे मी सांगितलं असेल."

एवढी शहाणी, समजूतदार, एकमेकांचं मन जपणारी इमारत, आणि तिच्यात एका बाईला एक वाक्य सांगायला कुणाला जमलं नाही. कारण ते वाक्य बोलायचं म्हणजे काकांचं मन दुखावणार. सगळ्यांनी मिळून काकांचं मन जपलं, आणि त्याची किंमत बाईंनी मोजली.

काका लॅपटॉप घेऊन बाजारातल्या डेटा परत काढणाऱ्या दुकानात गेले. दुकानदाराने तो तपासला आणि विचारलं, "यावर नंतर काय काय बसवलंत?" काकांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. दुकानदाराने मध्येच ऐकणं सोडून दिलं आणि लॅपटॉप परत त्यांच्या हातात ठेवला.

मग काका दुसऱ्या मजल्यावर गेले. बाईंनी दार उघडलं. काकांच्या हातातला लॅपटॉप पाहून त्या हसल्या, म्हणजे त्यांना वाटलं काम झालं. काका उंबऱ्यातच उभं राहून बोलले. कुठे काय चुकलं ते सगळं बोलले. पहिल्या दिवशी सगळं सापडलं होतं हेही बोलले. ते त्यांना लपवता आलं असतं, पण अहवालात गाळायची त्यांना सवय नव्हती.

"सगळी?" बाईंनी विचारलं.

"सगळी. स्टँडवर काही जुनं रेकॉर्डिंग असेल तर मी जाऊन..."

"तिथे मी माइकवरून थेट बोलायचे. ते कोण जपून ठेवणार?" बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकला होता का माझा आवाज? चांगला असताना?"

"स्टँडवर ऐकला असेल. लक्ष दिलं नव्हतं," काका म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "पहिल्या दिवशी एक वाक्य ऐकलं. दार उघडा, मी आहे."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की काकांना वाटलं त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे शेवटचा तो तुम्ही ऐकलात," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काकूंनी मग सूत्रं हातात घेतली. ऑपरेशनला अजून थोडे दिवस होते. हॉस्पिटलात विचारलं तेव्हा ते म्हणाले, आहे त्या आवाजात घ्या, काहीच नसण्यापेक्षा घोगरा बरा. काकूंच्या घरातली आतली खोली बंद केली गेली, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडी ठेवली गेली, आणि काकूंनी आपलं काम गेल्यानंतर स्वतःसाठी वेगळ्या घेतलेल्या लॅपटॉपसमोर बाई बसल्या. टेलर एक ड्राइव्ह घेऊन आला, अकाउंटंट दोन. दोघंही मान वर न करता आले आणि ठेवून गेले. वाक्यं घेताना तिथल्या तिथे कॉप्या करायच्या, हे काम काकूंनी स्वतःकडे ठेवलं.

काकांना कम्प्युटरपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात स्टूल दिलं होतं. लांब वायरचे हेडफोन त्यांच्या कानावर होते. बाईंचा घसा वाक्यागणिक दगा देत होता, शब्द मध्येच तुटत होते. त्यांतलं कुठलं वाक्य चाललं आणि कुठलं परत घ्यायचं, हे कुणीतरी कान देऊन तपासायला हवं होतं. या कामाला काकांइतका चिकित्सक माणूस इमारतीत दुसरा नव्हता, हे बाईंनीही कबूल केलं. बाई वाक्य म्हणत, काका डोळे मिटून ऐकत, आणि मान हलवत किंवा बोट वर करत. बोट वर झालं की बाई न कुरकुरता परत म्हणत. आता त्यांना काकांचा राग करायलाही आवाज वाया घालवायचा नव्हता.

पाणी झालं, औषध झालं, लेकीची वाक्यं झाली. हॉस्पिटलने दिलेली सगळी वाक्यं संपली. काकूंनी विचारलं, "आणखी काही? तुम्हाला पुढे नेहमी लागेल असं?"

बाई घोटभर पाणी प्यायल्या. त्या माइककडे झुकल्या आणि म्हणाल्या, "माझ्या कम्प्युटरला हात लावू नका."

काकू लॅपटॉपकडे बघत राहिल्या. काकांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि ते वाक्य परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

त्यांनी बोट वर केलं. "'नका' शेवटी विरतंय," ते म्हणाले. "ऐकणाऱ्याला 'लावू' एवढंच कळेल. परत घेऊ या."

बाईंनी परत म्हटलं. या वेळी 'नका' अगदी ठणठणीत आलं, आणि काकांनी मान हलवली.